कौठळीच्या खाली कऱ्हाटी

मायक्रोफिल्मच्या रिळाच्या सुरुवातीला एक फ्रेम अशी असते की ती उघड्या डोळ्यांनी वाचता येते. बाकीची अक्षरं मोहरीहून बारीक, भिंगाखाली किंवा रीडरच्या पडद्यावर धरल्याशिवाय दिसायची नाहीत. पण ही पहिली फ्रेम खिडकीकडे धरली की सरळ वाचता येते: नोंदवही कुठली, कुठल्या गावापासून कुठल्या गावापर्यंत, रीळ कितवं. रिळाच्या शेवटी गावांची आणि माणसांची सूची, आणि तिच्या मागे मोठ्या अक्षरात ‘समाप्त’. ही शीर्षकं आणि ही सूची करणं हे माझं पोटापाण्याचं काम. बारामतीच्या एमआयडीसीत एका गाळ्यात आमचं युनिट आहे. कॉम्प्युटरमधली पानं आमचं मशीन एकामागून एक फिल्मवर उतरवतं, मग ती फिल्म आम्ही औषधात धुतो, वाळवतो आणि तपासतो.

‘आजच्या काळात हे कोण करून घेतं?’ असं लग्नाच्या पंगतीत मला हमखास विचारतात आणि माझं डोकं फिरतं. एका पाहुण्याला मी एकदा असं काही बोललो की तो अर्ध्या ताटावरून उठला. अहो, कॉम्प्युटर बसतो. फाईल उघडत नाही. ज्यानं प्रोग्रॅम लिहिला तो पुण्याला जाऊन लग्न करून मोकळा होतो, फोन उचलत नाही. फिल्मला नुसतं भिंग लागतं आणि उजेड लागतो. शिवाय फिल्मवर खोडता येत नाही. चूक झालीच तर दुरुस्तीची नवी फ्रेम काढून मागे जोडायची, चुकीची आहे तिथंच राहते. मला हे फार आवडायचं. माणसांना असं काहीतरी हवंच, असं मी म्हणायचो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका धर्मादाय दवाखान्याचं काम आलं. नाव सांगत नाही, आता तो बंद आहे. बंद करायच्या आधी त्यांना जुनं रेकॉर्ड फिल्मवर घेऊन ठेवायचं होतं, कागद रद्दीत घालायचे होते आणि कॉम्प्युटर विकायचे होते. त्यात सगळ्यात मोठी होती जखमांची नोंदवही. मारहाण, अपघात, भाजणं, जे काही पोलिसांपर्यंत जाऊ शकतं ते सगळं तीत, आणि बारीकसारीक जखमाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली गावं, गावाखाली माणसं, माणसापुढे जखम, हत्यार, कारण, आणि शेवटी ‘हकीकत सांगणार’ असा एक रकाना. जखमी माणूस बोलत असेल तर तिथं ‘स्वतः’, नाही तर आणणाऱ्याचं नातं.

मशीन भराभर फ्रेमा काढत जातं, सगळं कुणी वाचत नाही. तपासणीला दर दहावी फ्रेम बघायची. पण मी वाचायचो. सांगवीचा एक जण, डोक्यात खोऱ्याचा दांडा, कारण पाण्याची पाळी. भिगवणचा एक, पोटात मासे कापायचा सुरा, आतडं वाचलं असा शेरा, कारण जाळं कुणाचं यावरून. एकाचा कान तुटलेला, चावून, कारण लग्नात वाजवायचं गाणं. दोघे सख्खे भाऊ एकाच दिवशी, एकाच्या बरगड्यांत पहार, दुसऱ्याच्या तोंडावर मोटरसायकलची चेन, एकामागोमाग एक फ्रेम, जणू फोटोला शेजारी उभे राहिलेत. पुरुषांच्या नोंदी अशा सरळ होत्या. कोणी मारलं, कशानं मारलं, अभिमानानं सांगितलेलं. बायकांच्या नोंदी मात्र वाचल्या तर आमच्या दोन तालुक्यांतल्या बायकांना नीट चालताच येत नाही असं वाटेल. पडली. पाय घसरला. पायरी चुकली. चुलीवर तोल गेला. दोन दात पडलेले, कारण उंबरा. मी वाचायचो आणि चरफडायचो. ‘कुठला गं हा उंबरा,’ असं मोठ्यानं म्हणायचो, एकटाच.

कऱ्हाटीचा गठ्ठा आला तेव्हा मात्र मी नियमाप्रमाणे दर दहावी फ्रेमच बघितली. एकही जास्त नाही. कऱ्हाटी हे माझ्या थोरल्या बहिणीचं सासर.

आमची आई मी लहान असतानाच गेली. अक्कानं मला न्हाऊ घातलं, शाळेत घातलं, माझ्यासाठी शेजाऱ्यांशी भांडली. मग तिचं लग्न कऱ्हाटीला झालं. दाजी म्हणजे चारचौघांत लाघवी माणूस, ट्रॅक्टर, ऊस, घरी कोणी आलं की चहाशिवाय सोडायचे नाहीत. घरात त्यांचा हात आणि पाय दोन्ही चालायचे. मला हे कधी कळलं ते नेमकं सांगतो. भाऊबीजेला गेलो होतो. मी पाटावर, अक्का ताट घेऊन समोर उभी. दाजी मागून आले. काहीतरी मागितलेलं तिनं वेळेवर दिलं नव्हतं, पाणी असेल, टॉवेल असेल. त्यांनी तिच्या कमरेत लाथ घातली. ती माझ्या अंगावर आली, ताट भिंतीवर, पेटतं निरांजन माझ्या मांडीवर.

‘तुमच्या बहिणीला वळण न्हाय लावलं तुमी,’ दाजी म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

अक्का उठली. कोपऱ्यात गेलेली सुपारी शोधली, वात परत लावली, मला ओवाळलं.  मी ओवाळणी घातली आणि जेवलो. जेवलो! बासुंदी होती, दाजींनी आग्रह करून वाढली. पंगतीत पाहुण्याला ताटावरून उठवणारा मी, दाजींसमोर मान खाली घालून बासुंदी खाल्ली. आता हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी सगळ्या जगाशी भांडतो, पण दाजींशी कधी भांडलो नाही. जावई होता ना तो.

असं बरीच वर्षं चाललं. मग एका दुपारी अक्कानं त्यांच्यावर विळी चालवली.

ती पाटावर बसून कांद्याची पात चिरत होती. दाजी आले, त्यांनी केस धरून तिला उठवलं आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपटायला मागे खेचलं तेव्हा ती खाली बसली, म्हणजे पाय गेले तिचे. हाताला लागली विळी. ती पाटासकट उचलून तिनं फिरवली. पहिला घाव दाजींच्या उजव्या मनगटावर बसला, शिरा तुटल्या. दुसरा खांद्यावर, हाड दिसेपर्यंत. भिंतीवर छातीच्या उंचीपर्यंत रक्त उडालं होतं, मी स्वतः पाहिलं. मग तिनंच पदर फाडून त्यांचं मनगट बांधलं आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या. दाजी वाचले, उजवा हात मात्र कायमचा लुळा पडला. पोलिसांनी अक्काला नेलं. जीवे मारण्याचा प्रयत्न. जामीन मिळाला नाही.

दाजींचं म्हणणं साधं होतं. बायको तापट, भावासारखीच. मी जेवायला वाढ म्हणालो, तिनं विळी उचलली. आजवर मी तिला बोट लावलं नाही. लावलं असतं तर एक तरी तक्रार असती की. आणि तक्रार खरंच एकही नव्हती. शेजारीपाजारी म्हणाले, आमी शेतात व्हतो. अक्काच्या डोक्याला खोक होती, पण दाजी म्हणाले, झटापटीत लागली असेल.

आम्ही बारामतीच्या एक वकीलबाई लावल्या. बारीक अंगाच्या, बोलायला अशा की समोरच्यानं पाणी मागावं. त्यांनी तुरुंगात अक्काला एकच गोष्ट विचारली, मीही तिथं होतो.

‘यापूर्वी मारलं तेव्हा दवाखान्यात गेला होता का?’

‘गेल्ते की.’

‘किती वेळा?’

अक्कानं बोटं मोजली. ‘सात येळा. आठ बी आसंल.’

कुठला दवाखाना म्हणून विचारलं, तर तोच. मला तर आनंदानं ओरडावंसं वाटलं. मी वकीलबाईंना म्हटलं, ‘मॅडम, ते सगळं फिल्मवर हाय. मी केलंय. एकदा तर मीच नेलं होतं तिला.’ त्यांनी वहीत लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, या नोंदी आल्या तर दाजींचं ‘बोट लावलं नाही’ कोसळतं आणि अक्कानं जीव वाचवायला हात उचलला असं म्हणता येतं. नाही आल्या तर अवघड आहे, बरीच वर्षं आत जावं लागेल. अक्का गजांपलीकडून माझ्याकडे बघत होती. मी छाती फुगवून म्हटलं, ‘तू घाबरू नकोस. फिल्मवर खोडता येत नाही.’

कोर्टाकडून मागणी गेली. रिळं ज्या कचेरीत ठेवली होती तिथून उत्तर आलं: सूचीनुसार या महिलेच्या नावे एकच नोंद आढळते. पायात काटा मोडला, काढला, पट्टी केली. बस्स. सरकारी वकिलांनी ते कोर्टात वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, ‘काट्याचा बदला विळीनं घेतला म्हणायचा का?’ लोक हसले. दाजीही हसले, फडक्यात बांधलेला हात छातीशी धरून. मी मागच्या बाकावर होतो. पुढं जाऊन त्या हसणाऱ्या तोंडावर बुक्की घालायची एवढंच डोक्यात होतं, पण तिथं पोलीस असतात.

बुक्की मी दुसऱ्यालाच घातली.

युनिटमध्ये माझ्याबरोबर एक जण काम करतो, इंदापूरचा. दवाखान्याच्या कामात अलीकडची वर्षं त्यानं केली, मागची मी केली; म्हणजे गावांची शीर्षकं आम्ही दोघांनी वाटून घेतली होती. तेव्हाच आमचं एका अक्षरावरून वाजलं होतं. कऱ्हाटीतला र. हा र डोक्यावर जात नाही, तो ह ला आडवा चिकटतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, इतका फरक पडतो त्या एका रनं. हा गडी सरसकट रफार द्यायचा, ‘कर्हाटी’ लिहायचा. मी तासभर समजावलं. तो म्हणाला, ‘र त्यो र. वाचणाऱ्याला कळतंय की. उगं नाकानं कांदे सोलू नगंस.’ मी त्याला अडाणी म्हटलं. माझ्या वाटणीची वर्षं मी आडव्या र नं नीट केली, त्याची त्यानं त्याच्या पद्धतीनं. मालकाला दोन्ही सारखंच दिसलं.

तर कोर्टातून मी थेट गाळ्यावर गेलो. माझी खात्री होती की यानंच कऱ्हाटीच्या फ्रेमा गाळल्या, घाईत, घरी लवकर जायला. तो फिल्म धुवायच्या टाकीपाशी उभा होता. मी कॉलर धरून त्याला टाकीवर आपटलं आणि तोंडावर मारलं. ओठ फुटला. औषधाची बाटली खाली पडून फुटली, आंबूस उग्र वास गाळाभर. मी परत मारलं. त्यानं हात वर केला नाही, नुसता कोपरानं तोंड झाकत म्हणत राहिला, ‘काय झालंय ते तरी सांग, मर्दा. काय झालंय?’ मी सांगितलं. ओरडून, शिव्या देऊन सांगितलं की माझी बहीण तुझ्यामुळं तुरुंगात मरणार आहे.

तो उठला. ओठाला रुमाल लावला. आमच्याकडे प्रत्येक रिळाची एक प्रत असते, ती काढली आणि रीडरला चढवली. ‘आधी रीळ बघ, मग मार,’ म्हणाला.

शेवटची सूची पडद्यावर आली. करंजे. त्याखाली कर्हाटी, रफाराची, त्याच्या हातची. अक्काचं नाव, एक नोंद, काटा. मी म्हटलं, ‘बघ. बघ की.’ तो हळूहळू फिल्म पुढं सरकवत राहिला. कळस, कांबळेश्वर, काटी, कुरवली. शेवटी कौठळी आली. क संपला, मी म्हटलं, पुढं ख आहे. तरी तो सरकवत राहिला. आणि कौठळीच्या खाली, सगळे क संपल्यावर, परत कऱ्हाटी. आडव्या र ची.

आमचा सूची लावणारा प्रोग्रॅम जुना होता. त्या जुन्या अक्षरांच्या संचात आडव्या र ला मूळची जागाच नव्हती. मागून कुणीतरी त्याला ज्ञच्या आणि काना-मात्रांच्याही पलीकडे कोपऱ्यात बसवलं होतं. म्हणून प्रोग्रॅमच्या लेखी ही दोन वेगळी गावं. रफाराचं आपल्या जागी, आडव्या र चं सगळ्या क च्या शेवटी. कचेरीतल्या माणसानं करंजेखाली बघितलं, गाव सापडलं, नाव सापडलं, तो थांबला. त्याच्या जागी मीही थांबलो असतो.

‘ह्यो तुझा र हाय,’ सहकारी म्हणाला. रुमाल लाल झाला होता. ‘माझा न्हाय.’

माझ्या शुद्धलेखनानं माझी बहीण लपवली होती. इतकी वर्षं मी ज्याची शेखी मिरवत होतो त्यानंच. मी त्याची माफी मागितली ती दुसऱ्या दिवशी, आणि तीही धड नाही; चहा पाजला आणि ‘झालं गेलं’ म्हटलं. त्याच्या ओठावर टाक्याची खूण आहे अजून. तो माझ्याशी बोलतो, पण मी जवळून गेलो की थोडा बाजूला होतो.

कऱ्हाटीखाली अक्काच्या सात नोंदी होत्या. मी एकेक फ्रेम काढून वाचली. सहकारी शेजारी बसला होता, त्यानं मान दुसरीकडे वळवली. कानाचा पडदा फाटलेला; कारण, कापूस घालताना काडी गेली. बरगडी मोडलेली, कारण, विहिरीच्या पायरीवरून पडली. मांडीवर भाजल्याच्या गोल खुणा, पाच. कारण, चुलीतली ठिणगी. पाच ठिणग्या, एका ओळीत. पोटात असलेलं मूल गेलेलं. कारण, पाय घसरला. त्या मुलाचं मला कधीच कळलं नव्हतं. मी रीडरवर डोकं टेकवून रडलो. पहिल्या सहाही नोंदींत हकीकत सांगणार: स्वतः.

सातवी नोंद अशी. डावा हात मनगटाजवळ मोडलेला, पाठीवर दांड्यासारखे चार वळ, कारण म्हशीनं ढकललं. हकीकत सांगणार: भाऊ.

मी विसरलो होतो असं म्हटलं तर खोटं होईल. आठवायचं नव्हतं, एवढंच. मी तिला मोटरसायकलवर नेलं होतं. हात पंच्यानं गळ्यात बांधलेला, प्रत्येक खड्ड्याला ती माझ्या पाठीवर कपाळ टेकून दात आवळायची. दाजी त्यांच्या गाडीवर मागोमाग आले आणि दवाखान्याच्या फाटकाशी उभे राहिले. आत डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? अक्का गप्प राहिली. बाकी सहा वेळा तिनं आपल्या तोंडानं सांगितलं होतं. या एका वेळी ती काही बोलली नाही, तिनं माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली. आता मला कळतं की तिनं ते माझ्यावर सोपवलं होतं. खरं सांगितलं असतं तर पोलीस आले असते, पोलीस आले असते तर ती त्या घरी परत गेली नसती, आणि मग माझ्या दोन खोल्यांत आली असती. त्याच सकाळी बायकोनं मला विचारलं होतं, ‘अक्का कायमच्या येणार हायत का?’ बायकोला कशाला पुढं करू? तिनं नुसतं विचारलं होतं. ‘न्हाय’ मी म्हणालो होतो. डॉक्टरांना मी सांगितलं, म्हशीनं ढकललं. त्यांनी लिहून घेतलं. संध्याकाळी मी अक्काला परत कऱ्हाटीला सोडून आलो.

वकीलबाईंना मी सातही नोंदींच्या मोठ्या प्रती नेऊन दिल्या. त्यांनी वाचल्या, सातवी दोनदा वाचली.  मग म्हणाल्या, ‘वळ म्हशीनं उठत नाहीत, हे डॉक्टर सांगतील. पण सरकारी वकील म्हणतील, सख्खा भाऊ म्हैस म्हणतोय. तेव्हा तुम्हाला उभं राहावं लागेल, भाऊ.’

‘राहतो की.’

‘का खोटं बोललात ते विचारतील.’

मी टेबलावरच्या प्रती नीट जुळवायला लागलो.

‘खरं सांगावं लागेल,’ त्या म्हणाल्या. ‘सगळं. नाही तर तीच नोंद तिला आत घालवेल.’

तारखेच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. कऱ्हाटीचे अर्धे लोक दाजींच्या बाजूनं बसले होते. अक्का आरोपीच्या पिंजऱ्यात, विटलेल्या साडीत, किती लहान झालेली. सातही फ्रेमांच्या प्रती कागदपत्रांत लागल्या होत्या. डॉक्टर आधीच्या तारखेला येऊन गेले होते आणि म्हणाले होते की हे वळ काठीचेच. मी शपथ घेतली. वकीलबाईंनी विचारलं ते सांगितलं. मग सरकारी वकील उठले.

‘या कागदावर म्हैस लिहिलंय. हे तुम्ही सांगितलं?’

‘हो.’

‘तेव्हा खोटं बोललात की आज बोलताय?’

‘तेव्हा.’

‘कशासाठी? कोणी धमकावलं होतं तुम्हाला?’

‘नाही.’

‘मग?’

 समोर दाजी, फडक्यातला हात मांडीवर. मी म्हटलं, ‘तिला माझ्या घरी न्यावं लागलं असतं.’

 सरकारी वकील हातातल्या कागदाकडे वळले. आणि तेवढ्यात पिंजऱ्यातून अक्का बोलली. कुणी विचारलं नव्हतं, तिची बोलायची वेळ नव्हती.

‘सायेब, त्यो लहान हाय. त्याला काय कळतंय. म्हैसच व्हती ती. म्या सांगते ना, म्हैस व्हती.’

माझी लाज झाकायला निघाली होती ती. मी चारचौघांत स्वतःच्या तोंडाला काळं फासलं ते तिला बघवेना, म्हणून स्वतःची सुटका मोडून टाकत होती. वकीलबाई हातानं तिला थांबवत होत्या. न्यायाधीश साहेबांनी टेबलावर टकटक केलं. ती थांबेना. ‘काळी म्हैस व्हती, मारकी व्हती,’ म्हणाली. माझं डोकं फिरलं. मी तिच्याकडे वळून ओरडलो, होता तेवढा आवाज लावून:

‘गप बस!’

अक्काचे दोन्ही हात डोक्यावर गेले. कोपरं पुढं आली, मान खांद्यांत गेली, आणि ती पिंजऱ्यात खाली बसली, उकिडवी, भिंतीला टेकून. डोळे मिटलेले. कुणीही तिच्या जवळ नव्हतं. ती तशीच बसून राहिली, मार यायची वाट बघत. मी कठड्याला धरून उभा होतो. दाजींनी मान खाली घातली. कऱ्हाटीच्या बाकांवर एक म्हातारी पदर तोंडाला लावून रडायला लागली.

साहेबांनी खुर्चीतून पुढं वाकून बघितलं. मग टायपिस्टला म्हणाले, ‘नोंद घ्या. साक्षीदाराने आवाज चढवताच आरोपी दोन्ही हातांनी डोके झाकून खाली बसली.’

निकालात डॉक्टरांची साक्ष धरली गेली, सात नोंदी धरल्या गेल्या आणि ती ओळही धरली गेली. वकीलबाई म्हणाल्या की तिन्हींत त्या ओळीचं वजन जास्त पडलं. माझ्या साक्षीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. अक्का सुटली.

तिला आणायला मी गाडी करून गेलो. आदल्या आठवड्यात आतली खोली रिकामी केली होती, बायकोनं नवी गादी घेतली होती. अक्का हातात पिशवी घेऊन तुरुंगाच्या दारातून बाहेर आली आणि माझ्यापासून चार हात लांब थांबली.

‘अक्का, घरी चल,’ मी म्हटलं.

ती पिशवी छातीशी धरून म्हणाली, ‘आधी आवाज खाली कर.’

मी हळूच बोललो होतो.